समोरून येणाऱ्याला वाट

२०२५च्या जानेवारीत बातमी आली, की कैलास-मानसरोवर यात्रा उन्हाळ्यात पुन्हा सुरू होणार. २०२०पासून ती बंद होती. आधी कोरोना, मग लडाखच्या सीमेवरचा तणाव. त्याच संध्याकाळी माझ्या मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, मी फॉर्म भरणार. पण माझं वजन!"

आम्ही दोघी बी.एड.ला एका बाकावर बसायचो. पाठ टाचणं एकमेकींच्या वह्या बघून लिहिली. आता ती मराठी शाळेत इतिहास शिकवते आणि मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी. कैलासला जायचं तिच्या मनात तेव्हापासून होतं. तिच्या वडिलांना जायचं होतं, ते राहून गेलं.

ही यात्रा आपलं परराष्ट्र मंत्रालय नेतं. मनात आलं आणि पिशवी उचलली, असं तिथे चालत नाही. भारतीय पासपोर्ट हवा, वय १८ ते ७० हवं आणि बीएमआय २५च्या वर नको. हा वजन-उंचीचा हिशेब असतो. तिची उंची १५५ सेंटीमीटर, वजन ६५ किलो. म्हणजे पाच किलो उतरवायचे होते. "तू येशील का चालायला? एकटीनं माझ्याच्यानं होणार नाही," ती म्हणाली. मी हो म्हटलं. गुडघे माझेही कुरकुरत होतेच.

फजरची नमाज झाली, की मी स्कार्फ बांधून निघायची. शाळेमागच्या मैदानाला फेऱ्या मारायच्या, आधी तीन किलोमीटर, मग पाच. मार्चमध्ये रमजान लागला. मी म्हटलं, सहेरी करून येते, फक्त वेग जरा कमी ठेवू. त्या महिन्यात ती तास तासभर चालायची, पण पाण्याची बाटली घरीच ठेवून यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, तुला कुठे रोजा आहे?" तर म्हणाली, "तुझ्यासमोर घशाखाली उतरत नाही." ईद झाली तेव्हा ती ६२ किलोंवर आली होती. शीरखुर्मा तिनं दोन चमचेच खाल्ला, आणि अम्मी तिच्यावर रुसली.

२१ मे रोजी दिल्लीत संगणकावर सोडत निघाली. साडेपाच हजारांवर अर्ज होते आणि जागा ७५०. लिपुलेखच्या वाटेनं पन्नास जणांच्या पाच तुकड्या आणि सिक्कीममधल्या नाथू लाच्या वाटेनं दहा. तिचा नंबर नाथू लाच्या तुकडीत लागला. मला २०१९ आठवलं. हज कमिटीच्या कुरआत अम्मीचं नाव निघालं, तेव्हा सर्वांत आधी पेढे घेऊन आली ती हीच. सोडतीत नाव लागणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलंय त्यालाच कळतं. हजारो इच्छुकांतून बोलावणं आपल्याला आलं, असंच वाटतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येते.

भाईजानला कळलं, की मी चार महिने कुणासाठी आणि कशासाठी चालतेय. ते माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, आणि दीनदार. मी चहा ठेवत होते, तेवढ्यात म्हणाले, "ये शिर्क के काम में तू कायको पडती?" रागानं नाही, काळजीनं म्हणाले. अल्लाहसोबत दुसऱ्या कुणाला शरीक करणं हा आमच्याकडे सर्वांत मोठा गुन्हा. त्यात आपल्या बहिणीचा हात लागू नये, ही भावाची तळमळ मला कळते. मी तेव्हा काहीच बोलले नाही.

आठ दिवसांनी तिच्या कॉलनीत निरोप समारंभ झाला. यजमानांनी मलाही स्टेजवर बसवलं, नारळ दिला. सूत्रसंचालन करणाऱ्या तरुणानं माईक माझ्यापुढे धरला आणि हसत म्हणाला, "मॅडम, तुमच्या तोंडून एक 'हर हर महादेव' होऊन जाऊ दे. एकात्मतेचं दर्शन घडेल!" समोर शंभर-दीडशे माणसं. काहींनी टाळ्या सुरू केल्या. माझ्या हातातला नारळ एकदम जड झाला. म्हटलं तर घरी तोंड कसं दाखवू, आणि नाही म्हटलं तर इथे काय अर्थ निघेल, हे गेल्या काही वर्षांत आपण सगळेच शिकलोय.

माझ्या मैत्रिणीनं माईक स्वतःकडे घेतला. "घोषणा मी देते, ती माझी आहे. हिनं माझे पाच किलो उतरवलेत, ते तिचं काम होतं," असं म्हणून तिनं घोषणा दिली. लोक हसले, कार्यक्रम पुढे गेला. त्या तरुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेही मला माहीत आहे. पण त्या रात्री झोप लागली नाही. भाईजान आणि तो तरुण एकमेकांना ओळखतही नाहीत, तरी दोघांचा समज एकच होता. दुसऱ्याच्या यात्रेजवळ उभं राहायचं तर त्याच्या श्रद्धेत शिरावं लागतं, असा. भाईजान म्हणत होते, म्हणून जवळ जाऊ नकोस. तो तरुण म्हणत होता, जवळ आलीस ना, मग आत ये.

निघण्याआधी एक दिवस ती कागदपत्रं घेऊन आमच्याकडे आली. त्यांत एक संमतीपत्र होतं. चीनच्या हद्दीत मृत्यू आला, तर तिथेच अंत्यसंस्कार करायला माझी हरकत नाही, असं लिहून द्यावं लागतं. तिनं ते वाचलं आणि गप्प बसली. १९९८च्या ऑगस्टमध्ये लिपुलेखच्या वाटेवर, पिथौरागड जिल्ह्यातल्या मालपा गावावर दरड कोसळली होती. दोनशेहून अधिक माणसं गेली. त्यांतले सुमारे साठ जण कैलासचे यात्रेकरू होते, नृत्यांगना प्रोतिमा बेदी त्यांतल्याच. तिला ते सगळं पाठ होतं. अम्मी पलंगावरून म्हणाली, "बेटी, हजला जाताना आम्हीही कफन घेऊनच निघालो होतो. सही कर. अल्लाह खैर करेल." तिनं सही केली.

पुढचं मी तिच्याकडून ऐकलेलं. काही तिच्या फोनमधल्या फोटोंतून, काही मी नंतर वाचून ताडून घेतलेलं.

दिल्लीत वैद्यकीय तपासण्या झाल्या, सिक्कीममध्ये उंचीची सवय व्हावी म्हणून काही दिवस थांबवलं आणि तिथेही तपासणी झाली. प्रत्येक तुकडीबरोबर सरकारचे संपर्क अधिकारी असतात. नाथू ला ओलांडलं, की चीनच्या बाजूचे वाटाडे आणि बस. हल्ली बराचसा प्रवास गाडीनंच होतो. खरं चालणं आहे ते परिक्रमेत, ५२ किलोमीटर, तीन दिवसांत. दारचेन गावातून सुरुवात करायची, यमद्वारावरून पहिल्या मुक्कामाला देरापुकला जायचं. दुसऱ्या दिवशी डोलमा ला ही खिंड चढायची. ती ५,६३० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. पलीकडे उतरताना खाली गौरीकुंड दिसतं, मग झुथुलफुकचा मुक्काम, आणि तिसऱ्या दिवशी परत दारचेन. तिबेटी माणसं हीच परिक्रमा एका दिवसात करतात. काही जण दंडवत घालत, अंगानं जमीन मोजत करतात, त्यांना आठवडे लागतात.

गंमत म्हणजे ही यात्रा डोंगरावर जाण्याची नाहीच, डोंगराभोवती जाण्याची आहे. कैलासची उंची ६,६३८ मीटर. हिमालयात त्याहून उंच शिखरं कितीतरी आहेत, एव्हरेस्टवर तर आता रांगा लागतात. पण कैलासवर कुणी चढत नाही. १९८०च्या दशकात रायनहोल्ड मेसनर या नामांकित गिर्यारोहकाला चीननं चढाईची परवानगी देऊ केली होती, त्यानं ती नाकारली. २००१मध्ये एका स्पॅनिश पथकाला परवानगी मिळाल्याची बातमी आली, तेव्हा जगभरातून विरोध झाला. चढाई बंद ती बंदच राहिली. माणसानं जिंकायचं ठरवलं नाही, अशी जागा जगात आहे, याचं मला एक शिक्षिका म्हणूनही बरं वाटलं. आम्ही मुलांना सतत शिखर गाठायलाच सांगत असतो.

आता तिनं सांगितलेला प्रसंग. दुसऱ्या दिवशी ती डोलमा लाच्या चढावर होती. दर दहा पावलांना थांबत होती. वाट दगडांची, अरुंद. तेवढ्यात समोरून एक म्हातारी बाई येताना दिसली. पायघोळ तिबेटी झगा, हातात माळ, ओठ हलतायत. मागे आणखी दोघं. माझ्या मैत्रिणीला वाटलं, बिचारी काहीतरी विसरली असेल, म्हणून मागे फिरली. तिच्याबरोबरचा तिबेटी वाटाड्या स्वतः बौद्ध. त्यानं खिंडीकडून येणाऱ्या त्या बाईला बघितलं, घोडा बाजूला घेतला, "ताशी देलेक" म्हणाला. तीही म्हणाली आणि खाली निघून गेली. "परत का चाललेत?" हिनं विचारलं. दुभाष्यानं सांगितलं, "परत नाही चालले. ते बोन आहेत. त्यांची परिक्रमा अशीच असते."

बोन हा तिबेटचा जुना धर्म. हिंदू आणि बौद्ध कैलासला उजवीकडे ठेवून, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात. बोन लोक उलटे फिरतात. डोंगर एक, वाट एक, दिशा दोन. साहजिकच रोज कुठे ना कुठे हे लोक एकमेकांसमोर येतात.

हे सांगताना ती म्हणाली, "अगं, तुमचा तवाफही तसाच ना?" मी थबकले. खरंच. काबा डाव्या हाताला ठेवून आम्ही सात फेरे घालतो, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. तिच्या प्रदक्षिणेच्या अगदी विरुद्ध. इतक्या वर्षांत आम्हा दोघींच्याही हे ध्यानात आलं नव्हतं.

मग मी त्या डोंगराबद्दल आणखी वाचलं. हिंदूंसाठी तिथे महादेवाचं वास्तव्य. जैनांसाठी अष्टापद, जिथे पहिले तीर्थंकर ऋषभदेव यांना निर्वाण मिळालं. तिबेटी बौद्धांसाठी ते देमचोक या देवतेचं स्थान. बोन लोकांसाठी नऊ मजली स्वस्तिक पर्वत, त्यांच्या धर्माचा आत्मा. या चार गोष्टी एकच आहेत, असं तिथे कुणी म्हणत नाही. "सगळे धर्म शेवटी एकच" हे वाक्य आपल्याकडे भाषणांत फार चालतं. मला ते कधीच पटलं नाही. चारही जण आपापल्या अर्थाला घट्ट धरून आहेत, आणि तरी वाट चालू आहे.

भांडण कधी झालंच नाही, असंही नाही. तिबेटी कथेत मिलारेपा हा बौद्ध साधू आणि नारो बोनचुंग हा बोन साधू कैलासच्या मालकीवरून एकमेकांना भिडतात. परिक्रमेच्या वाटेवर समोरासमोर येतात, तेव्हा एक दुसऱ्याला हाताला धरून आपल्या दिशेला ओढतो, आणि दुसरा त्याला आपल्या. शेवटी चमत्कारांची स्पर्धा होते आणि मिलारेपा जिंकतो. पण हरलेल्याला तो हाकलून देत नाही. कैलास दिसत राहील असा जवळचाच एक डोंगर त्याला देतो. ही कथा बौद्धांनी सांगितलेली आहे, बोन लोक ती वेगळी सांगत असतील. पण आज त्या वाटेवर कुणी कुणाचा हात ओढत नाही.

माझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर मला इथे सापडलं.

आधी माझ्या माणसांशी बोलते. भाईजान, आणि भाईजानसारखा विचार करणारे माझे सगळे वाचक, तुमची काळजी खोटी नाही. दीनची रेषा असते आणि ती असायलाच हवी. सूरह काफिरून आपण लहानपणी पाठ करतो. त्यात इबादतीची सरमिसळ करायला स्पष्ट नकार आहे, पण समोरच्याला त्याच्या मार्गावर सोडून देणंही आहे. आपण पहिला भाग लक्षात ठेवला आणि दुसरा विसरलो. मी कैलासची प्रदक्षिणा घातलेली नाही, घालणारही नाही. मी माझ्या मैत्रिणीबरोबर मैदानात चालले. तिच्या पायांना बळ यावं, ती सुखरूप परत यावी, म्हणून चालले. तो बौद्ध वाटाड्या घोडा बाजूला घेताना बोन झाला नाही. वाट देणं म्हणजे त्या वाटेनं जाणं नव्हे.

आणि हे मुसलमानांसाठी नवंही नाही. सतराव्या शतकातल्या करारानुसार लडाखहून ल्हासाला दर तीन वर्षांनी 'लोपचाक' नावाचा तांडा जायचा. ल्हासाच्या नववर्षाच्या प्रार्थनासोहळ्यासाठी लडाखच्या बौद्धांचा नजराणा त्यात असायचा. पश्चिम तिबेटमधून, या कैलास-मानसरोवराच्या मुलखातून ही वाट होती. आणि या तांड्याचं पुढारपण पिढ्यान्पिढ्या लेहच्या मुसलमान व्यापारी घराण्यांकडे होतं, थेट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. ती माणसं वाटेत नमाज पढायची आणि बौद्धांची अमानत बौद्धांपर्यंत पोहोचवायची. त्यामुळे त्यांचा दीन गेला नाही. उलट अमानत सांभाळणं हाच दीन आहे.

आता माझ्या हिंदू मित्रांशी. त्या तरुणाला मी नंतर भेटले तेव्हा काही बोलले नाही, इथे बोलते. बाळा, तू मला प्रेमानंच बोलावलंस. पण माझ्या प्रेमाची खात्री पटायला तुला माझ्या तोंडून तुझी घोषणा का ऐकायची होती? चार महिने पहाटे उठणं पुरे नव्हतं का? अम्मी हजहून जमजमचं पाणी घेऊन आली, तेव्हा माझ्या मैत्रिणीच्या सासूबाईंनी ते देव्हाऱ्यात ठेवलं. आम्ही त्यांना कलमा पढायला सांगितला नाही. आमच्या मनातही आलं नाही. आपल्याकडे अलीकडे असं झालंय, की मुसलमान आरतीत उभा राहिला तर तो चांगला, फोटो काढण्यासारखा. जो शेजारी उभा राहून आपली नमाज पढतो आणि शेजाऱ्याच्या दुखण्याखुपण्याला धावतो, त्याच्याबद्दल मात्र शंका. आमची दिशा बदलली तरच आम्ही तुमचे, असं असेल, तर ते हाताला धरून ओढणंच झालं. ओढणारा हसत असला, तरी हाताला रग लागतेच.

हे सगळं लहान वाटेल. पण मिरवणूक मशिदीपुढून जाते तेव्हा पोलिसांच्या गाड्या उभ्या लागतात, हे आपण दरवर्षी बघतो. पाच हजार मीटरच्या वर, श्वास पुरत नाही अशा अरुंद वाटेवर माणसं विरुद्ध दिशांनी येतात आणि एक सलाम करून पुढे जातात. आमच्या गावांतले रस्ते त्याहून पुष्कळ रुंद आहेत.

ती परत आली तेव्हा ओठ फुटलेले, चेहरा करपलेला आणि डोळे मात्र लख्ख. तुकडीत गुजरातचं एक जैन जोडपं होतं, त्यांच्याशी तिची घट्ट मैत्री झाली होती. तिनं माझ्यासाठी मानसरोवराच्या पाण्याची छोटी बाटली आणली. देताना म्हणाली, "तुला प्यायचं नसेल तर पिऊ नकोस, हं. मी आणलं, एवढंच." मी ती शोकेसमध्ये ठेवली आहे, अम्मीच्या जमजमच्या रिकाम्या कॅनशेजारी. भाईजान आले, त्यांनी बघितली, विचारलं, "ये क्या है?" मी सांगितलं, पंधरा हजार फुटांवरून मैत्रिणीनं उचलून आणलेलं पाणी आहे. माझ्या इबादतीत ते नाही, माझ्या घरात आहे. मग त्यांना मी त्या समोरून येणाऱ्या म्हातारीची आणि लोपचाकच्या तांड्याची हकीकत सांगितली. ते बराच वेळ ऐकत राहिले. पटलं की नाही, बोलले नाहीत. जाताना दारात चपला घालता घालता म्हणाले, "उसकी तबियत ठीक है ना? इतनी ऊंचाई से आयी है."

आमचं पहाटेचं चालणं सुरू आहे. आता उमऱ्यासाठी मी पैसे साठवतेय, आणि तवाफ-सईत किती चालावं लागतं, याचा हिशेब माझ्या मैत्रिणीनं वहीत मांडून ठेवलाय. गेल्या आठवड्यात मी दोन दिवस दांडी मारली, तर तिसऱ्या दिवशी सव्वासहाला ती दारात उभी. "गुडघे दुखतात म्हणून घरी बसलीस, तर तिथे कोण चालणार?" मी चपला शोधेपर्यंत अम्मीनं तिच्या हातात चहा दिला होता.